खाट आहे, पण कोणत्या वॉर्डात?

मध्यरात्री कॅज्युअल्टीत पक्षाघाताचा रुग्ण येतो. दहा मिनिटांत सीटी स्कॅन होतो आणि शेजारच्या खोलीत रेसिडेंट डॉक्टर मेंदूचे एकेक काप पडद्यावर मागेपुढे सरकवून पाहू लागतात. नेमक्या त्याच वेळी चित्र अडखळते. एक काप दिसतो, दुसऱ्यासाठी थांबावे लागते, तिसरा एकदम उडी मारून येतो. मग ‘सर्व्हर स्लो आहे’, ‘नेट गेले असेल’, ‘मशीनच जुने झाले’ अशी ठरलेली वाक्ये ऐकू येतात. यातले एखादे कारण खरे असूही शकते. पण आणखी एक कारण असते आणि त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. चित्राची माहिती संगणकात असते, फक्त ती चुकीच्या जागी पडलेली असते.

ती कुठे ठेवायची, कधी हलवायची आणि कोणासाठी कोणाला हलवायचे, हे ठरवणारी आज्ञावली म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. रुग्णालयाच्या खरेदीत तिचा उल्लेख नसतो आणि बिलातही ती दिसत नाही. पण रुग्णालयांत चित्रे पाहण्याचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ती वाचून घेण्याचे काम जसजसे वाढते आहे, तसतसा या अदृश्य व्यवस्थापकाचा कारभार रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो आहे. म्हणून तो समजून घेणे ही केवळ संगणकवाल्यांची जबाबदारी राहिलेली नाही.

सीटी स्कॅन हे जन्मापासूनच अर्धे वैद्यक आणि अर्धी आकडेमोड आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्या चित्रात आडवे ८० आणि उभे ८० असे ६,४०० ठिपके होते, आणि त्या काळी तेवढी आकडेमोड करण्यातही मोठ्या संगणकाचे तास जात. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळाले, तोवर हे तंत्र जगभर पसरले होते. आज एका कापात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरल्या, तर एक काप अर्ध्या एमबीचा होतो. छाती आणि पोटाच्या तपासणीत असे हजार काप झाले की अर्धा जीबी भरतो. त्रिमितीय चित्र काढताना किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावलीला देताना प्रत्येक ठिपक्यासाठी चार बाइट लागल्या, तर तोच अभ्यास एक जीबीचा होतो. हृदयाच्या एका ठोक्यातल्या दहा अवस्था टिपल्या, तर त्याच्या दहा पट. शिवाय मधल्या आकडेमोडीला लागणारी जागा वेगळीच.

हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्ड कितीतरी वेगाने करते. पडद्यावर चित्रे काढण्यासाठी तयार झालेली ही यंत्रणा सीटीच्या आकडेमोडीलाही उपयोगी पडते, हे १९९४ मध्येच संशोधकांनी दाखवून दिले होते. या कार्डावर हजारो छोटे गणनाकेंद्र एकाच वेळी राबतात. त्यांना सतत माहिती पुरवण्यासाठी कार्डावरच वेगळी, अतिवेगवान मेमरी बसवलेली असते. संगणकाची नेहमीची रॅम वेगळी आणि ही वेगळी. कळीचा मुद्दा इथेच आहे. २०२२ मध्ये आलेल्या एका महागड्या कार्डाचे उदाहरण घ्या. त्याच्यावर २४ जीबी मेमरी आहे आणि तिच्यातून सेकंदाला सुमारे १,००० जीबी माहिती वाहू शकते. तेच कार्ड संगणकाला ज्या मार्गाने जोडलेले असते, तो मार्ग उत्तम परिस्थितीतही एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबीच नेऊ शकतो. म्हणजे माहिती कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत असली तर एक वेग आणि संगणकाच्या रॅममध्ये असली तर त्याच्या साधारण तिसावा भाग. जुन्या संगणकांत हा मार्ग आणखी निम्म्याने अरुंद असतो.

सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही ही परिस्थिती ओळखीची वाटेल. अतिदक्षता विभागात खाटा मोजक्या. तिथे ऑक्सिजन, मॉनिटर, परिचारिका सगळे हाताशी. जनरल वॉर्डात जागा जास्त, पण प्रत्येक गोष्टीसाठी धावपळ. आणि दोन्ही भरले की व्हरांड्यातली गादी. ग्राफिक्स ड्रायव्हरपुढेही असेच तीन मजले असतात. कार्डावरची मेमरी, संगणकाची रॅम आणि अगदीच नाइलाज झाला तर डिस्क. पडद्यावरचे चित्र, स्कॅनचा संच, आज्ञावलीचे गणिती कोष्टक अशी प्रत्येक गोष्ट एका ठरावीक आकाराच्या गाठोड्यात येते. त्याला बफर म्हणतात. बफर दाखल होताना आपली पसंती सांगतो. शक्य तर कार्डावर, नाहीतर रॅममध्येही चालेल. उपलब्ध जागा पाहून ड्रायव्हर त्याला खाट देतो.

लिनक्स या खुल्या प्रणालीत ही व्यवस्था कशी उभी राहिली, हे कोणालाही वाचता येते, कारण तिचा सगळा मजकूर उघडा आहे. २००८ च्या अखेरीस ‘जेम’ नावाची पद्धत आली. इंटेलच्या अभियंत्यांनी ती त्यांच्या अशा चिपसाठी घडवली होती, ज्यांना स्वतःची वेगळी मेमरीच नसते. २००९ मध्ये ‘टीटीएम’ ही दुसरी पद्धत लिनक्समध्ये दाखल झाली. स्वतंत्र मेमरी असलेल्या कार्डांची हलवाहलव हाच तिचा मुख्य विषय होता. एएमडीच्या कार्डांचा खुला ड्रायव्हर आजही तिच्यावरच उभा आहे.

कार्डाची मेमरी भरली आणि नवा बफर दारात आला, तर कोणालातरी बाहेर काढावे लागते. कोणाला? साधा नियम असा, की ज्याचा वापर होऊन सर्वात जास्त वेळ झाला आहे, तो आधी बाहेर. नियम समंजस आहे, पण आंधळाही आहे. ‘बराच वेळ कोणी पाहिले नाही’ म्हणजे ‘आता गरज नाही’ असे होत नाही. रेसिडेंट डॉक्टर दोन मिनिटे फोनवर वरिष्ठांशी बोलत असतील, तेवढ्यात त्यांच्या रुग्णाचा स्कॅन रॅममध्ये हलवला जाऊ शकतो. ते परत पडद्याकडे वळले, की तो पुन्हा वर आणावा लागतो.

काही बफर मात्र हलवताच येत नाहीत. पडद्यावर या क्षणी जे दिसते आहे, ते जागेवर खिळलेले असते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची खाट कोणी मागत नाही, तसेच हे. ज्या बफरवर कार्डाची आकडेमोड चालू आहे, तो ती संपेपर्यंत हलवता येत नाही. शस्त्रक्रिया अर्धी असताना टेबल सरकवण्यासारखे ते होईल. यासाठी ड्रायव्हर प्रत्येक कामाला एक खूण लावतो आणि काम संपल्याची खूण मिळेपर्यंत थांबतो. मग माहितीची नक्कल नव्या जागी करायची, पत्त्यांच्या वहीत नवा पत्ता लिहायचा आणि त्यानंतरच जुनी जागा दुसऱ्याला द्यायची. हा क्रम चुकला, तर चित्रात भलतेच ठिपके दिसतात किंवा संगणकच बंद पडतो.

हलवण्याची स्वतःची किंमत असते. एक जीबीचा अभ्यास कार्डाच्या मेमरीतून वाचायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तोच अरुंद मार्गाने आणायला आदर्श स्थितीतही त्याच्या तीस पट वेळ लागतो. एकदा आणायचा असेल, तर माणसाला ते जाणवणारही नाही. पण दोन कामांची गरज मिळून मेमरीपेक्षा थोडीच जास्त असली, तर एकासाठी दुसऱ्याला बाहेर काढायचे आणि लगेच दुसऱ्यासाठी पहिल्याला, असे चक्र सुरू होते. कार्डाचे हजारो गणनाकेंद्र हात बांधून बसतात आणि सगळा वेळ वाहतुकीत जातो. स्ट्रेचर ढकलण्यातच वॉर्डबॉयची पाळी संपली, तर उपचार कधी होणार? म्हणूनच एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एका वेळी किती माहिती हलवायची, यावर मर्यादा घातलेली आहे. तिचा उलटा परिणामही होतो. एकदा बाहेर गेलेला बफर, वर जागा रिकामी झाली तरी काही काळ खालीच राहू शकतो. कोणताही नियम सर्वांना सोयीचा नसतो. नियम कोणाच्या गैरसोयीवर उभा आहे, हे माहीत असणे महत्त्वाचे.

इथून पुढचा प्रश्न तांत्रिक कमी आणि वैद्यकीय जास्त आहे. जागा संपली, तर ‘जागा नाही’ असे स्पष्ट सांगावे, की गुपचूप व्हरांड्यात गादी टाकावी? २०२३ मध्ये हा प्रश्न जगभर गाजला. विंडोजवरच्या एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये बदल झाला. कार्डाची मेमरी भरत आली, की आकडेमोडीची माहिती आपोआप संगणकाच्या रॅममध्ये जाऊ लागली. आधी अशा वेळी काम बंद पडत असे, आता ते चालू राहू लागले, पण कमालीचे मंदावले. संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे बनवणाऱ्या हौशी लोकांनी मोठी ओरड केली, कारण वेग का घसरला हे त्यांना कळेना. त्याच वर्षी कंपनीने ही सोय बंद करण्याचा पर्याय दिला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. काम अर्धवट मरण्यापेक्षा हळू चाललेले बरे, हा एक विचार. हळू चालले आहे हे न सांगणे ही फसगत, हा दुसरा.

रुग्णालयात या दोन्हींचे परिणाम वेगळे होतात. पक्षाघातात मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला आणि तेव्हापासून तो जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी आहे. ड्रायव्हरमुळे होणारा उशीर सहसा सेकंदांचा असतो, त्याची भीती घालण्याचे कारण नाही. पण सेकंदांचे थांबे प्रत्येक कापाला आले, की वाचणारा घाईने काप गाळू लागतो, आणि तो धोका खरा आहे. दुसरीकडे, विश्लेषण करणारी आज्ञावली मेमरीअभावी मध्येच थांबली आणि पडद्यावर केवळ रिकामी चौकट राहिली, तर थकलेल्या डोळ्यांना ती ‘काही आढळले नाही’ अशी वाटू शकते. ‘तपासले, दोष नाही’ आणि ‘तपासणी झालीच नाही’ यांतला फरक पॅथॉलॉजीच्या अहवालात जितका ठसठशीत लिहिला जातो, तितकाच तो इथेही लिहिला गेला पाहिजे.

यावर सोपे उत्तर दिले जाते, की मोठे कार्ड घ्या. ते अंशतः बरोबर आहे आणि जिथे गरज आहे तिथे घ्यावेच. पण अतिदक्षता विभागात दहा खाटा वाढवल्या की त्या आठवड्यात भरतात, हा अनुभव इथेही येतो. आज्ञावल्या मिळेल तितकी जागा व्यापतात. शिवाय प्रत्येक कामाला मोठे कार्ड लागतही नाही. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे संगणकाने वाचण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता दिली आणि भारतात तिचा वापर वाढतो आहे. तिथे एका वेळी एकच सपाट चित्र असते. त्याची भूक हजार कापांच्या सीटीपेक्षा खूपच कमी. गरज नसलेल्या ठिकाणी महागडे कार्ड आणि गरजेच्या ठिकाणी तुटवडा, ही विभागणी सार्वजनिक आरोग्यसेवेला नवी नाही.

काही संगणकांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर चालतात. तिथे अरुंद मार्गावरची वाहतूक टळते, पण एकाच पातेल्यातून सगळे जेवत असल्याने ओढाताण वेगळ्या रूपात उरतेच.

खरा उपाय प्राधान्यक्रमाचा आहे. कॅज्युअल्टीत जो आधी आला तो आधी, हा नियम चालत नाही. ज्याचा जीव धोक्यात आहे, तो आधी. ग्राफिक्स मेमरीच्या बाबतीत अशी सोय लिनक्समध्ये बरीच उशिरा, २०२५ मध्ये आली. कोणत्या गटातल्या आज्ञावलींनी कार्डाची किती मेमरी वापरावी आणि कोणाची किती जागा राखून ठेवावी, हे आता व्यवस्थापकाला ठरवता येते. म्हणजे रुग्णाचा स्कॅन पाहणाऱ्या आज्ञावलीची जागा सुरक्षित ठेवून, मागे चाललेल्या विश्लेषणाला उरलेल्या जागेत बसवता येईल. पण सोय असणे आणि ती वापरात असणे यांत अंतर आहे. ते अंतर मागणी करणाऱ्यानेच कापावे लागते.

आणखी एक बाजू गोपनीयतेची. खाट रिकामी झाली की चादर बदलतात. मेमरीही एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पुसली गेली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले, की ॲपल, क्वालकॉम, एएमडी आणि इमॅजिनेशन यांच्या काही ग्राफिक्स चिपांमध्ये आतली एक छोटी मेमरी न पुसताच पुढच्या आज्ञावलीच्या हाती पडत होती. त्यातून दुसऱ्याच्या संवादाचा मजकूर वाचता येत होता. ती कार्डावरची मोठी मेमरी नव्हती, पण धडा तोच. एकाच कार्डावर अनेक रुग्णांची माहिती जात असेल, तर मागच्या रुग्णाचे काय उरले, हे विचारण्याचा हक्क पुढच्या रुग्णालाही आहे.

वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यात आज्ञावली हेही उपकरण आहे, हे भारतात २०२० पासून स्पष्ट झाले आहे. विश्लेषण करणाऱ्या आज्ञावलीची तपासणी होते, तिला मान्यता लागते. ती ज्या ड्रायव्हरवर उभी असते, तो मात्र एखाद्या रात्री आपोआप अद्ययावत होतो आणि मेमरीचे नियम बदलून टाकतो. २०२३ चा प्रसंग नेमका हाच होता. मान्यता मिळालेली आज्ञावली तीच, पायाखालची जमीन वेगळी.

म्हणून खरेदीच्या निविदेत ‘ग्राफिक्स कार्ड इतक्या जीबीचे’ एवढी एक ओळ लिहून भागणार नाही. चार गोष्टी त्यात यायला हव्यात. पहिली, यंत्र ताब्यात घेताना चाचणी खऱ्या भाराखाली व्हावी. सर्वात मोठा सीटी अभ्यास पडद्यावर उघडा, विश्लेषण मागे चालू आणि दोन-चार तास सलग काम. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात मेमरी कधीच भरत नाही. दुसरी, मेमरी अपुरी पडली तर आज्ञावलीने ते ठळक अक्षरांत सांगावे आणि त्याची नोंद ठेवावी. तिसरी, ड्रायव्हरची आवृत्ती ठरलेली असावी आणि पुरवठादाराने तपासल्याशिवाय ती बदलू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र ठरावीक मुदतीत तपासून बसवण्याची जबाबदारीही त्याचीच. चौथी, रुग्णाचे चित्र दाखवणे आणि मागची आकडेमोड यांची जागा वेगळी राखावी. त्यासाठी शक्य तिथे दोन वेगळी कार्डे घ्यावीत.

यातले पहिले पाऊल आजच उचलता येते आणि त्याला खर्च नाही. विंडोज संगणकावर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्स निवडले, की ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे मेमरीचे दोन आकडे दिसतात. पहिला कार्डावरचा, दुसरा रॅममधला. शेअर्डचा थोडा वापर नेहमीच असतो. पण चित्र अडखळत असताना डेडिकेटेड काठोकाठ भरलेला आणि शेअर्ड चढत असेल, तर दुखणे बहुधा इथेच आहे. ‘मशीन स्लो आहे’ या तक्रारीऐवजी हे दोन आकडे, वेळ आणि त्या वेळी काय चालू होते याची नोंद तंत्रज्ञांनी आठवडाभर ठेवली, तर वरिष्ठांपुढे निदान मांडता येईल. ताप आहे म्हणणे वेगळे आणि तापाचा तक्ता दाखवणे वेगळे. नवे यंत्र हवे, की आहे त्याच यंत्रात कामांची नीट वाटणी हवी, हे त्या तक्त्यावरून ठरेल. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीला एवढा आधार तरी असायलाच हवा.